धनादेश संस्थेचा, संदेश माजी खजिनदाराला

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीविषयी आपल्या दैनिकात सातत्याने छापून येते आणि ते आवश्यकच आहे. परंतु गोव्यातील सहकारी गृहनिर्माण संस्था, देवस्थान समित्या, क्रीडा मंडळे आणि उत्सव समित्या यांचा बराचसा व्यवहार अद्याप धनादेशांवरच चालतो, कारण दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांशिवाय पैसा बाहेर जाऊ नये अशी त्यांची शिस्त असते. दोन सह्या आहेत म्हणजे पैसा सुरक्षित आहे, ही समजूत मात्र आता पुरेशी राहिलेली नाही.

पूर्वी धनादेशाचा कागद आपल्या शाखेपर्यंत प्रवास करीत असे. आता तो जिथे जमा होतो त्या बँकेतच थांबतो आणि आपल्या बँकेकडे जाते ती त्याची स्कॅन केलेली प्रतिमा. कागदातील ‘सीटीएस इंडिया’ हे जलचिन्ह, अतिनील दिव्याखाली उमटणारे बँकेचे बोधचिन्ह किंवा रसायनाने धुतलेल्या शाईचा पुसट डाग कागद हाताळणाऱ्यालाच नीट दिसणार. सही पडताळणाऱ्यासमोर असते ते केवळ चित्र. त्यात ४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेशांची वटणावळ दिवसभर अखंड चालू झाली आहे. दिवसाच्या ठरलेल्या वेळेत आलेल्या धनादेशाबद्दल आपल्या बँकेने सायंकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो, आणि काहीच कळवले नाही तर तो मंजूर धरला जातो. पैसे त्याच दिवशी मिळतात ही सोय मोठीच आहे, पण ‘उद्या सकाळी बँकेत जाऊन थांबवू’ म्हणण्याची सवलत तिच्याबरोबर गेली.

फसवणुकीचे प्रकार फार गूढ नसतात. रकमेच्या आकड्याआधी मोकळी जागा राहिली की ‘८,०००’ चे ‘८८,०००’ होतात. कर्ज मिळवून देतो म्हणणारा एजंट रद्द केलेला धनादेश मागतो, सौजन्याने स्वतःचे पेन पुढे करतो, आणि त्या पेनाने मारलेल्या रेघा व लिहिलेले ‘रद्द’ थोड्या वेळाने उडून जाते. रद्द धनादेशावर सही करण्याची तर सहसा गरजच नसते. याहून चक्रावून टाकणारा प्रकार म्हणजे बनावट छपाई. आपल्या चेकबुकातले पान कोरे, जागच्या जागी असते, आणि त्याच क्रमांकाचा दुसरा धनादेश तिसऱ्याच शहरात वटलेला असतो. चेकबुक कुलूपबंद ठेवून हा प्रकार टळत नाही.

त्यावर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ ही व्यवस्था आणली. पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा धनादेश दिल्यावर त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि ज्याला दिला त्याचे नाव आपण आधीच बँकेला कळवायचे. वटणावळीच्या वेळी तपशील जुळला नाही तर बँक सावध होते. ही माहिती देणे सर्वसाधारणपणे ऐच्छिक आहे, मात्र पाच लाखांपासून पुढे ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. ऐच्छिक या शब्दावर मात्र कोणी विसंबू नये, कारण माहिती न दिलेल्या अशा मोठ्या धनादेशाबाबत पुढे वाद झाला तर वटणावळ यंत्रणेतील तंटा-निवारणाचा मार्ग उपलब्ध नसतो. पन्नास हजारांखालच्या धनादेशांना तर हे कवच मुळातच लागू नाही, आणि लहान संस्थांचे बहुतेक धनादेश त्याच मापाचे असतात.

तिथे उरतो तो मोबाईलवर येणारा संदेश. धनादेश वटणावळीसाठी येताच खातेदाराला संदेश पाठवावा, असे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना सांगितले आहे. हा संदेश नेमका कोणाकडे जातो, हे प्रत्येक संस्थेने पाहावे. नवी समिती निवडून येते, ठराव होतो, सह्यांचे नमुने बदलले जातात; पण बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक पुष्कळदा जुन्या खजिनदाराचाच राहतो. ते गृहस्थ कदाचित आता मुलाकडे पुण्यात असतात, किंवा त्यांनी तो क्रमांकच सोडलेला असतो. संस्थेच्या खात्यातून पैसे गेल्याची बातमी अशा रीतीने संस्थेबाहेरच्या माणसाला आधी कळते आणि जबाबदार पदाधिकाऱ्यांना पासबुक भरून आणल्यावर.

दुसरी सवय कोऱ्या धनादेशावर आगाऊ सही करून ठेवण्याची. जत्रा किंवा चवथ जवळ आली, अध्यक्ष बाहेरगावी निघाले, की मंडपवाल्यासाठी आणि ध्वनिक्षेपकवाल्यासाठी चार-पाच पाने सही करून ठेवली जातात. घरोघरीही हेच चालते; बोटीवर जाणारा तारवटी पत्नीसाठी सह्या केलेले चेकबुक कपाटात ठेवून निघतो. हेतू चांगला असला तरी कायद्याच्या दृष्टीने ही स्थिती नाजूक आहे. सहीच खोटी असेल तर खातेदाराची बाजू भक्कम असते: हिशेबनिसाने खोट्या सह्या करून पैसे काढल्याच्या एका प्रकरणात, ग्राहकाने खातेउतारे वेळीच तपासले नाहीत हा बँकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फेटाळला होता. सही खरी आणि वरचा मजकूर मात्र दुसऱ्याने भरलेला, असे असेल तर पारडे फिरते. खाडाखोड सहज दिसून येत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर धनादेशांना लागू असलेल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे ८९ वे कलम बँकेला संरक्षण देते. तारवट्याने संयुक्त खाते उघडावे किंवा पत्नीच्या नावे बँकेत अधिकारपत्र द्यावे. फॉर्म भरण्यापलीकडे त्यात कष्ट नाहीत.

अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला की ग्राहकावर भार पडत नाही, असे अनेकजण धरून चालतात. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे ते परिपत्रक इलेक्ट्रॉनिक व्यवहारांपुरते आहे. धनादेशाला त्याचा आधार मिळत नाही. म्हणून संशय येताच शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, पोलिसांत फिर्याद द्यावी, आणि तीस दिवसांत बँकेकडून समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे तक्रारीला शुल्क नाही.

राज्यातील बँकांना आपल्या दैनिकामार्फत विनंती अशी की, संयुक्त सह्यांच्या खात्यांवर दोन्ही सहीदारांच्या मोबाईलवर संदेश जाण्याची सोय करावी, आणि ‘पॉझिटिव्ह पे’चा कागदी अर्ज प्रत्येक शाखेत मराठीतून व कोंकणीतून ठेवावा, कारण वाळपई किंवा काणकोणच्या एखाद्या समितीच्या ज्येष्ठ खजिनदाराला अॅपवर ही माहिती भरता येईल असे गृहीत धरणे व्यवहार्य नाही. सहकार निबंधकांनीही संस्थांच्या वार्षिक लेखापरीक्षणात एक प्रश्न वाढवावा: बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक विद्यमान पदाधिकाऱ्याचा आहे काय?

आपला नम्र,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार,
फोंडा – गोवा