फ्रान्सला जाण्याआधी पलटण कोणती ते पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सुट्टी पुरवणीत उत्तर फ्रान्समधील पहिल्या महायुद्धाच्या स्थळांवर लेख आला, हे बरे झाले. पॅरिसचा मनोरा पाहून थेट स्वित्झर्लंड गाठणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना मधला हा मुलूख ठाऊकच नसतो. मात्र 'ज्यांचे पणजोबा मराठा पलटणीत होते त्यांनी फ्रान्समधील भारतीय स्मारकावर नाव शोधावे' हा त्यातला सल्ला वाचकाला चुकीच्या देशात नेऊन सोडतो. मराठा पायदळ पलटणी फ्रान्सला गेल्याच नव्हत्या. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिथे पडलेल्या आणि थडगे नसलेल्या शिपायांची नोंद बसरा स्मारकाच्या यादीत आहे, फ्रान्समध्ये नाही.

मग फ्रान्समध्ये आपले कोण होते? खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या. त्यांत मराठे होते. काम पूल-खंदक बांधण्याचे, पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७व्या शीख पलटणीच्या जोडीने त्यांना पायदळासारखे नव-शापेल गावावर घातले गेले. गावात घराघरांतून संगिनींची लढाई झाली, गाव हाती आले, पाठोपाठ कुमक आली नाही आणि ते सोडावे लागले. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. पुणे हॉर्स आणि डेक्कन हॉर्स हे रिसालेही फ्रान्समध्ये होते. पण नावात पुणे-दख्खन आहे म्हणून फसू नये, त्यांतले बहुसंख्य स्वार उत्तरेकडचे.

तेव्हा तिकीट काढण्याआधी शोध घरी बसूनच करावा. युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. चूक होते ती आडनाव टाकून शोधण्यात. पलटणीच्या कारकुनाने कानाला लागले तसे इंग्रजीत लिहिले, त्यामुळे जाधव तीन-चार तऱ्हांनी सापडतात, सावंतांचा 'व' कधी डब्ल्यूने तर कधी व्हीने येतो, आणि पुष्कळांचे आडनाव नोंदलेलेच नाही. त्याऐवजी 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात जिल्हा किंवा तालुका टाकावा. बऱ्याच भारतीय नोंदींत 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' अशी ओळ असते. पण जिल्हा त्या वेळचा हवा. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, म्हणून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसे 'रत्नागिरी'खाली. सावंतवाडी आणि कुडाळ संस्थानात होते, ते 'सावंतवाडी'खाली. रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत. मुरूड-श्रीवर्धन जंजिरा संस्थानात. गुहागर चिपळूणचा पेटा, म्हणजे उपतालुका, होता, म्हणून तिकडची गावे चिपळूणमध्ये पाहावीत. आणि 'खेड' दिसले की हुरळून जाऊ नये, पुणे जिल्ह्यातही एक खेड आहे.

किनाऱ्यावरच्या गावांतून बोटींवर खलाशी म्हणून गेलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. त्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यासाठी व्हिसा लागत नाही, दादरहून लोकल पुरते.

नाव फ्रान्समधल्या भारतीय स्मारकावर, म्हणजे नव-शापेलला, निघाले, तर नोंदीतला फलक क्रमांक लिहून न्यावा. तिथे ४,७०० हून अधिक नावे आहेत आणि ती सरसकट अकारविल्हे नाहीत: आधी पलटण, मग हुद्दा, मग नाव. सॅपर्सचा फलक माहीत नसेल तर निम्मा दिवस भिंतीशी मान वर करून जातो. कोरीव अक्षरे उथळ आहेत, भर दुपारी फोटोत उमटत नाहीत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावेत. अक्षरांवर खडू किंवा पीठ चोळू नये, दगड खराब होतो.

स्मारक हर्बर्ट बेकर यांनी रचले, ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले. सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ, भोवती सांचीच्या कठड्याची आठवण करून देणारी जाळीची भिंत. 'देव एकच, विजय त्याचाच' हे वचन इंग्रजीत आहे, तशाच अर्थाचा मजकूर अरबी, देवनागरी आणि गुरुमुखीतही. रस्ता ओलांडला की पोर्तुगीज लष्करी दफनभूमी आहे, १,८३१ थडगी. पोर्तुगिजांचे जुने ठाणे असलेल्या चौल-रेवदंड्याच्या वाचकांना ही शेजारगाठ गमतीची वाटेल.

गाव ला बासेच्या उत्तरेला ५ किलोमीटर, लीलच्या नैर्ऋत्येला सुमारे २० किलोमीटर. नकाशात नाव टाकताना जपावे: ब्रिटनी प्रांतात 'ला शापेल-नव' नावाची गावे आहेत आणि यंत्र खुशाल तुम्हाला शेकडो किलोमीटर पश्चिमेला पाठवते. पत्त्याचा पिनकोड ६२ ने सुरू होतो ना, हे पाहावे. तो पा-द-काले विभागाचा आकडा.

पॅरिसहून गाडी चालवत जाण्यात अर्थ नाही. गार द्यू नोरहून वेगवान रेल्वे सुमारे तासाभरात लीलला आणि त्याहून कमी वेळात आरासला पोचवते. गाडी तिथे भाड्याने घ्यावी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच आरटीओतून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. अनामत रक्कम चालवणाऱ्याच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, डेबिट कार्ड बहुधा नाकारतात. ऐनवेळी सहल फसते ती इथे. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधी सांगावे लागते. पंपावर 'गाझॉल' म्हणजे डिझेल, गॅस नव्हे.

गाडी उजवीकडून, एवढे सगळ्यांना माहीत असते. घात होतो तो वेगळ्या नियमाने. खेड्यात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो बोळातून आलेला ट्रॅक्टर का असेना. पत्त्यांतल्या चौकटसारखी कोनावर उभी पिवळी पाटी असेल तरच आपला रस्ता मोठा. लाल काठाची गावाच्या नावाची पाटी आली की ताशी ५० ची मर्यादा सुरू; तिथे ५० चा वेगळा फलक नसतो. तीच पाटी तिरप्या रेघेने खोडलेली दिसली की गाव संपले.

इथली जमीन पाहिल्याशिवाय लढाई कळत नाही. आपल्या सड्यावर जांभा, पाणी मुरून जाते. नव-शापेलचा प्रदेश खाजणासारखा सपाट, चिकणमातीचा, आणि हातभर खणले की पाणी. म्हणून इथे खोल खंदक नव्हतेच. मातीच्या पोत्यांचे उंच बांध रचून त्यांच्या आड माणसे उभी राहत. खालचा चिखल गुडघाभर, वरचा बांध तोफेच्या गोळ्यासरशी ढासळे. १९१४-१५च्या हिवाळ्यात शिपायांचे पाय कुजले ते यामुळे. मार्च १९१५ मध्ये, १० ते १३ तारखेला, याच गावावर पुन्हा हल्ला झाला. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इथला. पहिल्या दिवशी गाव घेतले, पुढची टेकडी राहिली. 'टेकडी' शब्दही मोठाच, आपल्या घाटाखालचा माणूस तिला चढ म्हणणार नाही. पण पाण्याच्या वर असलेली एवढीच कोरडी जमीन, म्हणून तिच्यासाठी इतकी माणसे गेली.

दुसरा दिवस हाताशी असेल तर आरासजवळच्या नोत्र-दाम-द-लोरेतला जावे. तिथे २०१४ मध्ये उघडलेले 'स्मृतिवलय' आहे: त्या भागात मेलेल्या सुमारे ५ लाख ८० हजार सैनिकांची नावे, देश, धर्म, हुद्दा काहीही न लिहिता, केवळ वर्णानुक्रमे. जर्मन, फ्रेंच, भारतीय एकाच ओळीत. आपला माणूस इथे शोधणे नव-शापेलपेक्षा सोपे. जवळच विमी टेकडीवर कॅनडाने राखलेले खंदक आहेत. काही भागांत कुंपणाआड न फुटलेले गोळे असल्याने गवत मेंढ्यांकडून चारून घेतात. ज्यांना वेळ कमी, त्यांनी तिएपवालची कमान, म्हणजे सोमच्या लढाईतल्या बेपत्ता सैनिकांचे स्मारक, सोडली तरी चालेल, पण लोरेत सोडू नये.

मे महिन्यात फ्रान्समध्ये १ आणि ८ तारखेला सुट्टी असते, १ मेला बहुतेक संग्रहालये बंद. महिन्याच्या अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. संग्रहालये संध्याकाळी मिटली तरी उघड्यावरची बरीच स्मारके पाहता येतात. गावातल्या खानावळी दुपारी १२ ते २ जेवण देतात, नंतर चूल विझवतात. शाकाहारींनी 'क्विश लोरेन' निरागसपणे मागवू नये, तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

नांगरटीत आजही तोफगोळे वर येतात, शेतकरी ते रस्त्याकडेला काढून ठेवतात. हात लावू नये, गंजलेले असले तरी जिवंत असू शकतात. काहींत विषारी वायू आहे. दिसल्यास ११२ ला कळवावे. आठवण म्हणून काडतूस खिशात टाकणाऱ्याला विमानतळावर उत्तर द्यावे लागते.

आता गावाहून न्यायच्या वस्तूंचे. दूधदुभते युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही, म्हणजे पेढे-बर्फी बाद. हापूसला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळ मात्र सूट असलेल्या पाच फळांपैकी एक आहे. तो सामानाच्या बॅगेत घालावा. स्तंभापाशी ठेवावा, चौथऱ्यावर फोडू नये, आणि निघताना परत उचलावा.

आपला,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)