रात्री दोन वाजता पिशवी उचलून पाहणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, न विचारता लिहिणं बरं दिसणार नाही. मुलांच्या सर्जरी वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर बार्शीची नऊ वर्षांची मुलगी होती, स्पायना बिफिडाची, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेली. एवढ्यावरून तुम्हाला ओळख पटेल. मी तिची आई.

त्यामुळे हिचं मूत्राशय लहान आणि ताठर. आतला दाब मूत्रपिंडांवर जायला लागला, म्हणून लहान आतड्याचा तुकडा जोडून ते मोठं केलं आणि त्यातून नळी घालून लघवी काढता यावी म्हणून अपेंडिक्सची वाट करून बेंबीपर्यंत आणली. पॉल मित्रोफानोफ या फ्रेंच सर्जननं १९८० साली ही पद्धत मांडली, म्हणून त्या वाटेला मित्रोफानोफच म्हणतात, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण ऑपरेशननंतरचे दिवस नळ्यांचे होते, आणि त्या दिवसांत आम्हाला तुम्ही तारलंत.

तिसरी रात्र. लेक घामाघूम झाली होती, डोकं इकडून तिकडे घोळवत होती. दुखतंय का विचारलं तर म्हणायची, "दुखत नाही गं, कसंतरी होतंय." पाठीतून भुलीचं औषध चालू होतं, आणि तसंही तिला ओटीपोटातलं फारसं कळत नाही. मी संध्याकाळी दोनदा सांगून आले होते. उत्तर मिळालं, "लघवीच्या पिशवीत येतंय ना? मग ठीक आहे." नळीच्या कडेनं चादर ओली होत होती, तर मला वाटलं, गळतंय म्हणजे वाट मोकळी आहे. अडलेल्या नळीच्या कडेनंही गळतं, हे मला कुठलं माहीत!

तुम्ही दोन वाजता राउंडला आलात. तिच्या कपाळावर हात ठेवलात, मग खाली बसून पिशवी उजेडाकडे धरलीत आणि चार्ट मागवलात. मला अजून तुमचं ते बोट दिसतं, आकड्यांवरून हळूहळू खाली येणारं. नऊ वाजल्यापासून पिशवीत दीडशे मिली. पण मधे नळी धुवायला दोनदा साठ-साठ मिली सलाइन आत घातलेलं, आणि ते कुणी वजाच केलं नव्हतं. "आई, पाच तासांत हिची खरी लघवी तीसच मिली आहे," तुम्ही म्हणालात. चोवीस किलोच्या मुलीची तासाला साधारण तेवढी तरी व्हायला हवी. बाकीची आत साठत होती, तीन दिवसांच्या ताज्या टाक्यांवर.

ऑन-कॉल डॉक्टरांना फोन लावलात आणि ते लाइनवर असतानाच कामाला लागलात. मांडीखाली दबलेली नळी सरळ केलीत. सोनोग्राफीहून आणल्यावर पिशवी कॉटच्या कठड्यावर वरच अडकवलेली राहिली होती, ती खाली लावलीत. तरी थेंब नाही. मग मोठी सिरिंज, वीस मिली सलाइन, अगदी सावकाश. जोर लावला नाहीत. थांबलात, हलकेच मागे ओढलंत, पुन्हा थोडं घातलंत. तिसऱ्या खेपेला पांढरी, बुळबुळीत तार सिरिंजमध्ये आली, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी. मागोमाग लघवी वाहायला लागली. पावणेदोनशे मिली. लेकीनं मोठा श्वास सोडला आणि दहा मिनिटांत झोपली. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले, हे तुम्हाला माहीत नाही.

मी विचारलं होतं, हे काय निघालं, पू आहे का? तुम्ही समजावलंत: आतडं चिकट स्राव करणारच, ते मूत्राशयाला जोडलं म्हणून त्याची सवय जात नाही. काही महिन्यांनी कमी होईल, पूर्ण कधीच थांबणार नाही. म्हणून नळी रोज धुवायची. आदल्या दोन दिवसांत हे मला इतक्या साध्या शब्दांत कुणीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चिकटपट्ट्यांवर पेनानं लिहून नळ्यांना लावलंत. बेंबीची एक, पोटातून काढलेली एक, आणि ड्रेनवर, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीवर, मोठ्या अक्षरांत "इथे फ्लश नको", म्हणजे ही सलाइन घालून धुवायची नाही. ड्युटी बदलताना ड्रेनला सिरिंज लागता लागता राहिली होती, ते मी सांगितल्यावर तुम्ही वाद घातला नाहीत, लगेच पट्टी आणायला गेलात. उशाशी "लॅटेक्स चालत नाही" हा कागदही तुम्हीच लावलात. अशा मुलांना लॅटेक्सची, म्हणजे हातमोज्यांत वगैरे असतं त्या रबराची, ॲलर्जी होण्याची भीती फार असते. लघवीची नळी सिलिकॉनची होती, पण हातमोज्यांचं कुणाच्या लक्षात राहतं? तुमच्या राहिलं.

आणि सिरिंज माझ्या हातात दिलीत. माझा हात थरथरत होता, तर तुमचा हात माझ्या हातावर ठेवून दाब किती ते दाखवलंत. शब्दांनी ते कळलं नसतं. घरी आल्यावर, बेंबीतली नळी महिनाभर तशीच ठेवायची होती, तेव्हा दोनदा अडली. दोन्ही वेळा मी मोकळी केली. बार्शीहून पुण्याला रात्री धावत यावं लागलं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मी दुसऱ्या सिस्टरांकडे दिला, पोचला असेल तर बरं.

लेक आता पाचवीत आहे. दर चार तासांनी बेंबीतून स्वतः नळी घालते, शाळेतही. रात्री झोपताना सलाइननं धुते. तुम्ही दिलेल्या वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात तीन रकाने आहेत: घातलं, निघालं, खरं. ती वही संपली, दुसरी संपली. तिसऱ्या वहीत रकाने तीच आखते, पट्टी घेऊन, आणि वजाबाकी मला करू देत नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या कॉटवरच्या मुलीची आई