आधी दोनच स्पीकर घे

गावभाग, सांगली
दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय नंदू,

स. न. वि. वि. लिहिणार होतो, पण तुझा मेसेज वाचला आणि नमस्काराची इच्छाच गेली. नव्वद हजारांचा होम थिएटर सेट, एका झटक्यात, बारा हप्ते, शून्य टक्के व्याज! आणि खाली विचारतोस, "तुझं काय मत?" मत विचारायची तुझी ही पद्धत कॉलेजातली. मोटरसायकल घेऊन, नंबरप्लेट लावून माझ्या दारात आलास आणि विचारलंस, घेऊ का रे?

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. पैसे अजून भरलेले नाहीत असं वहिनींनी सुलभाला सांगितलंय. तेवढ्यात हे पोचावं.

माझा जुना सेट तुला आठवत असेल. २०१२ च्या बोनसमधून आणलेला, एकाच खोक्यात सगळं. मुठीएवढे पाच स्पीकर आणि एक काळा ठोकळा, सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा स्पीकर. खोक्यावर हजार वॅट. तू आलास त्या रात्री दीडपर्यंत मारामारीचे पिक्चर बघितले आणि आप्पांनी आतून काठी आपटली.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घरात आली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे होतो. परत येऊन दार उघडलं तर बाहेरच्या खोलीत चार फुटांवर चिखलाची रेघ. सबवूफर कोपऱ्यात आडवा पडलेला. त्याची पेटी एमडीएफची, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. पाणी पिऊन ती अशी फुगली होती की कोपरे शिवण उसवल्यासारखे उघडले होते. मी अंगठ्याने दाबलं, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा अंगठा आत गेला. समोरचे तिन्ही गेले. वाचले ते मागचे दोन, कारण ते भिंतीवर सहा फुटांवर टांगलेले.

आता मुद्दा ऐक. ते दोन वाचूनही बेकारच ठरले. त्यांच्या तारांना त्या कंपनीच्याच पिना, दुसरीकडे कुठे बसायच्या नाहीत. त्या कापून जोडावं म्हटलं, तर मागे लिहिलेलं ३ ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते माप. साधा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरांना वाटणारं यंत्र, ६ ते ८ ओहमचे स्पीकर मागतो. कमी ओहमचे लावले की ते जास्त करंट ओढतात, रिसीव्हर तापतो, नाहीतर मधेच बंद पडतो. म्हणजे एक भाग गेला की सगळी वरात माघारी. तुझ्या सेटचा फोटो मी मोठा करून पाहिला, नंदू. मागे तशाच रंगीबेरंगी पिना आहेत.

आणि वॅटचं कौतुक सोड. ५० वॅटचे १०० केलेस तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघ, म्हणजे तेवढ्याच वॅटला तो किती मोठा वाजतो ते. ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा घेतलास, तर वॅट दुप्पट केल्याइतकंच काम फुकटात होतं. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्याच्या खोक्यावर ते छापलेलं नसतं.

माझं परत सुरू झालं २०२० च्या दिवाळीनंतर. पुरात फ्रीज, दिवाण, आईची शिलाई मशीन गेलेली. असल्या चैनीला घरात कोण पैसे देतंय? ठरवलं, वर्षाला एक वस्तू, आणि तीही मागची वस्तू पुरती ऐकून झाल्यावर. पहिल्यांदा रिसीव्हर. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी नवा घेतला होता, त्यांचा जुना १४ हजारांत. घरी जाऊन तासभर तपासला. पाचही चॅनलना, म्हणजे पाच स्पीकरांच्या वेगवेगळ्या जोडण्यांना, एकच स्पीकर आळीपाळीने लावून ऐकला, एचडीएमआयचं प्रत्येक भोक वाजवून बघितलं (जुन्या रिसीव्हरचं बऱ्याचदा तेच आधी जातं), आणि अर्ध्या तासाने वरून हात लावून किती तापला ते पाहिलं. त्यांच्या सौ. दोनदा चहा घेऊन आल्या, तिसऱ्यांदा नुसत्याच बघून गेल्या.

मग ११ हजारांचे दोन बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे कपाटात मावतील अशा लहान पेट्या. बास. पाच चॅनलच्या रिसीव्हरला दोनच. लोक हसले. पण टीव्हीशेजारच्या त्या दोन पेट्यांनी जो आवाज दिला तो त्या खोक्यातल्या पाचांनी मिळून कधी दिला नव्हता.

अर्थात पहिले चार दिवस मी मूर्खपणा केला. रिसीव्हरच्या मेनूमध्ये सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा संवादांचा स्पीकर, "आहे" असंच राहून गेलं होतं. त्यामुळे सगळे संवाद नसलेल्या सेंटरला जात होते! पाऊस ऐकू यायचा, घोडे ऐकू यायचे, हिरो नुसते ओठ हलवायचा. मला वाटलं पिक्चरच तसा. चौथ्या दिवशी आप्पा म्हणाले, "अरे, ह्या सगळ्यांनी मौनव्रत घेतलंय का?" तेव्हा मेनूत जाऊन सेंटर "नाही" केला. संवाद दोन्ही स्पीकरांत सारखे वाटले गेले आणि आवाज बरोबर टीव्हीच्या मधोमध उभा राहिला. तिथे स्पीकर नाही, तरी माणूस तिथूनच बोलतोय. मी उठून टीव्हीमागे हात घालून बघितलं होतं, खोटं नाही सांगत.

दुसरा घोटाळा तारेचा. आधी स्वस्त तार आणली. सोललेलं टोक सुरीने खरवडलं तर तांबडा रंग निघून खाली पांढरं. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. छोट्या अंतराला चालून जाते, पण तांब्याच्या भावात का घ्यायची? परत केली आणि शुद्ध तांब्याची १६ गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी) ३० मीटर आणली, १,८०० रुपयांत. याहून महाग तार कुणी गळ्यात मारायला लागला तर तिथून ऊठ. ती जोडताना घाईत एका बाजूला प्लस-मायनस उलटं झालं. आवाज यायचा, पण पोकळ. बेस नाहीच, आणि गाणारा खोलीत कुठे आहे ते सापडेना. मुग्धाने घड्याळातला सेल काढून दिला. दीड व्होल्टचा सेल तारेच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस असेल तर स्पीकरचा पडदा "टप्" करून पुढे येतो, उलट असेल तर आत जातो. डावा पुढे आला, उजवा आत गेला. पोरीला एवढी गंमत वाटली की तो सेल संपेपर्यंत टपटप चालू होतं. घड्याळ दोन दिवस बंद.

खोलीवर मात्र मी ९०० रुपयेच घातले आणि त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडला, हे तुला पटणार नाही. आमची बाहेरची खोली १२ बाय १६, फरशी शहाबादी, भिंती उघड्या. टाळी वाजवली की मागून "टर्रर्र" असं उत्तर यायचं. एक जाड सतरंजी पसरली, पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला नेलं, सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला. स्पीकर कोपऱ्यातून काढले, ट्वीटर (बारीक आवाजाचा वरचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणले, थोडे आपल्याकडे वळवले. तुझ्या नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स आणि काचेची सरकती दारं. तिथे दोन लाखांचा सेटही बाथरूममध्ये लावल्यासारखा वाजेल.

या सरकवासरकवीची गोडी मला मिरजेत लागली. आप्पांचा तानपुरा पुराच्या ओलीनंतर बोलेना, म्हणून सतारमेकर गल्लीत नेला होता. कारागिराने घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घातला आणि तो केसाएवढा मागेपुढे करत राहिला. तार तीच, भोपळा तोच. एका जागी नुसतं "टण", आणि पुढच्याच जागी जवारी उघडली, झंकार सुटला. म्हातारा म्हणाला, "जागा मिळाली." तेवढंच. घरी येऊन मी स्पीकर चार बोटं पुढे, दोन बोटं आत करत बसलो. सुलभाने विचारलं, हे बिघडलंय का?

२०२२ मध्ये समोरच्या दोन मोठ्या पेट्या १८ हजारांत आणि त्याच मालिकेतला सेंटर साडेदहा हजारांत घेतला. त्याच मालिकेतला, हे लक्षात ठेव. नाहीतर माणूस डावीकडून मधे चालत येतो आणि मधे आल्यावर त्याला सर्दी होते. सेंटर घ्यायचं खरं कारण आप्पांचे कान. मधोमध बसणाऱ्याला दोन स्पीकर पुरतात, पण आप्पा बसतात खिडकीजवळ आरामखुर्चीत, कडेला. त्यांना सगळं जवळच्या स्पीकरमधूनच येतं. सेंटर टीव्हीखाली ठेवला, पुढून लाकडी पाचर घालून तोंड वर केलं, आणि रिसीव्हरमध्ये नुसत्या त्या चॅनलचा आवाज ३ डेसिबलने वाढवला. आता ते "काय म्हणाला?" असं विचारत नाहीत. "काय फालतू बोलला" असं म्हणतात.

आधीच्या ११ हजारांच्या पेट्या मग मागे गेल्या, सराउंड म्हणून, म्हणजे मागून-बाजूने येणाऱ्या आवाजासाठी. बसायच्या जागेच्या किंचित मागे, दोन्ही बाजूंना, कानापेक्षा थोड्या वर. एकाएकाने घेण्यातला फायदा हाच. काही फेकावं लागत नाही, जुनं पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जातं. मोजायची टेप घेऊन बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून रिसीव्हरला सांगितलं की तो जवळच्यांना मिलिसेकंदांत थांबवून धरतो, सगळे एकदम पोचतात.

सबवूफर सगळ्यात शेवटी, गेल्या वर्षी, १७ हजारांत. तुला तोच आधी हवाय, माहितेय. पण चार वर्षं त्याच्याशिवाय ऐकल्यामुळे काय कमी आहे ते मला नेमकं माहीत होतं. जागा शोधायची रीत अशी: सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, ठेक्याचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे बेस घुमतही नाही आणि गायबही होत नाही, तिथे त्याची जागा. मी रांगतोय, मागे मुग्धा रांगतेय, आणि दारात शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन उभ्या. सोफ्यावर काळी पेटी, तिच्यापुढे आम्ही दोघं जमिनीवर. काकूंनी काही विचारलं नाही.

रिसीव्हरमध्ये ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर लावला, म्हणजे त्याखालचा जाड आवाज सबवूफरला आणि वरचा बाकीच्यांना. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट उमगत नाही, म्हणून एकच सबवूफर आडबाजूलाही चालतो, आणि लहान स्पीकरांचं ओझं उतरतं. आठवडाभर मात्र कुठूनतरी "झर्रर्र" यायचं. मी तर दुकानदाराला फोन लावला होता. शेवटी सापडलं: फडताळातलं पितळी ताट. त्याखाली फडकं घातलं, मिटलं. सबवूफर आता दोन फुटी कडाप्प्याच्या ओट्यावर बसतो. कृष्णेचं पाणी चढतंय असं कळलं की सगळ्यात आधी तो माळ्यावर.

हिशोब सांगतो, तुला आवडतो म्हणून. सतरंजी-तारेसकट ७३,२०० रुपये, पाच वर्षांत. महिन्याला बाराशे-सव्वाबाराशे. तुझा हप्ता साडेसात हजार!

तू रिसीव्हर घे, दोन चांगले बुकशेल्फ घे, नव्वदांपैकी चाळीसच्या आत बसव आणि पुढचे सहा महिने काहीही घेऊ नकोस. टीव्हीवरून आवाज एचडीएमआयच्या एआरसी भोकातून (त्यातून टीव्हीचा आवाज बाहेर जातो) रिसीव्हरकडे आण, एका एचडीएमआय केबलशिवाय जास्तीची काही वस्तू लागत नाही. छतातले, डोक्यावरून आवाज देणारे ॲटमॉसचे स्पीकर दुकानात ऐकून भुललायस, ते कळलं. पण तुझ्या हॉलचं पीओपी होऊन गेलंय, ते फोडायला वहिनी देणार आहेत का?

मला हॉलची मापं पाठव. दारं कुठे, खिडक्या कुठे, टीव्ही कोणत्या भिंतीला, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलाय का. टेकलेला असणारच. स्पीकर कानाने निवडायचेत, तेव्हा डिसेंबरात दोन दिवस काढून इकडे ये. आप्पाही विचारत होते, "तो रात्री दीडवाला कुठे असतो हल्ली?"

तार विकत घेऊ नकोस. माझ्याकडची अकरा मीटर उरलीय, समोरच्या दोघांना पुरेल. आई २२ तारखेला नाशिकला येतेय, तिच्या पिशवीत घालतो. भडंगाच्या पुड्याखाली बघ.

तुझा,
विजय