स्पीकरची पारख कोणत्या ध्वनिमुद्रणावर करावी?

संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमारास स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या जाहिरातींना ऊत येतो. त्या वाचून लॅमिंग्टन रोडवर किंवा एखाद्या मॉलमधील दालनात गेलेल्या ग्राहकाला विक्रेता बहुधा आपल्याच संग्रहातील चकचकीत परदेशी ध्वनिमुद्रण ऐकवतो. ढोलांच्या दणक्याने ग्राहक दिपतो खरा. पण ते ढोल मुळात कसे वाजत होते हेच ठाऊक नसल्याने यंत्राने काय मिसळले आणि काय गाळले, हे त्याला कळणार कसे? आजच्या चित्रपटगीतांचीही तीच अडचण आहे, कारण त्यांतील बरेचसे ध्वनी संगणकावर घडवलेले असतात. म्हणून जे वाद्य किंवा जो आवाज आपण माइकविना, समोर बसून ऐकला आहे, त्याचेच मुद्रण पारखण्यासाठी सोबत न्यावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

यासाठी तानपुऱ्याइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही. जवारी (घोडीवर तार टेकवून साधलेली झणझण) नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार उमटतो. तो झाकोळला किंवा जवारीची झणझण कर्कश झाली, तर किंमत कितीही असो, तो स्पीकर आपल्या कामाचा नाही. काळी एकच्या पट्टीत (पेटीची पहिली काळी पट्टी हा षड्ज धरून) खर्जाचा षड्ज सुमारे 69 हर्ट्झवर येतो. छोट्या स्पीकरला तो पेलला नाही, तरी वरच्या स्वरांवरून कान त्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे खर्ज ‘ऐकू आला’ एवढ्यावर समाधान मानू नये. त्यापेक्षा डग्ग्याची मींड ऐकावी. मनगटाच्या दाबाबरोबर नाद सलग चढला पाहिजे. मधल्याच एखाद्या जागी तो फुगत असेल, तर दोष स्पीकरच्या खोक्याचा असतो किंवा खोलीचा. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तर सुमारे 47 आणि 56 हर्ट्झला, तसेच त्यांच्या पटींत, भिंतीच घुमू लागतात. दालनातला निकाल घरी टिकत नाही तो यामुळेच; तेव्हा शक्य असल्यास तेच मुद्रण घरी लावून मगच पैसे मोजावेत.

गाण्याइतकेच साधे बोलणेही उपयोगी पडते. भारदस्त पुरुषी आवाजातले अभिवाचन लावले, की स्पीकरने त्यात मिसळलेला पोकळ घुमारा लगेच उघडा पडतो. जुने मोनो (दोन्ही बाजूंना एकच ध्वनी देणारे) मुद्रण दोन्ही स्पीकरवर लावल्यास गायकाचा आवाज बरोबर मध्यभागी उभा राहिला पाहिजे. तो पसरला किंवा एका बाजूला कलला, तर जोडीत अथवा मांडणीत खोट आहे. अशा मुद्रणातली खरखर ऐकून नाके मुरडणाऱ्यांशी माझे पटत नाही, कारण आपल्यापैकी अनेकांचा संग्रहच जुन्या मैफलींच्या कॅसेटींचा असतो आणि रोज ऐकायचे तेही तेच.

दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी मात्र काटेकोरपणे सारखी हवी. अर्ध्या-एक डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘अधिक स्पष्ट’ वाटतो आणि ग्राहक नेमका तिथेच फसतो. शिवाय एकाच गाण्याच्या निरनिराळ्या रीमास्टर (मूळ मुद्रणावर नव्याने संस्कार केलेल्या) आवृत्त्या हल्ली उपलब्ध असल्यामुळे दोन्ही ठिकाणी तीच आवृत्ती लावली आहे ना, हेही पाहावे.

आपल्या दैनिकात ध्वनियंत्रणांची परीक्षणे छापताना ती कोणत्या मुद्रणावर, कोणत्या आवृत्तीवर आणि केवढ्या खोलीत केली, याचा उल्लेख असावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, दादर (पश्चिम), मुंबई