कॅम्परव्हॅनची खरी उंची छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅम्परव्हॅनवर लेख आला तो आम्ही दोघांनी वाचला, फोटो सुंदर होते, आतली गादी, सिंक, छोटी शेगडी सगळं नीट दाखवलं होतं, पण एक वाक्य मला तेव्हापासून खटकतंय म्हणून हे पत्र लिहायला बसले. लेखात म्हटलंय की ही गाडी घरच्या गॅरेजमध्ये सहज बसते, आणि पुराव्याला फक्त एक आकडा, उंची १.९९ मीटर. आम्हीही अशाच एका आकड्यावर भरवसा ठेवून गाडी घेतली होती. आकडा खोटा नव्हता. तरीही गाडी दारात अडकली.

आमचं गॅरेज रस्त्यापेक्षा खाली आहे, दारापर्यंत उतार आणि दारापासून आत सपाट फरशी. चौकट २.१३ मीटर, म्हणजे नेहमीचं सात फुटी दार. दार उघडून वर गेलं की त्याची खालची कड चौकटीत तीनेक सेंटीमीटर लोंबते, म्हणजे खरी मोकळी जागा २.१०, हे आम्हाला फार नंतर कळलं कारण आम्ही चौकट मोजली होती, उघडं दार नाही. तरी पहिल्या दिवशी गाडी आरामात आत गेली. मग आम्ही छतावर सोलर पॅनेल बसवून घेतलं, ब्रॅकेट धरून सात सेंटीमीटर वाढले, उंची झाली २.०६. अजून चार सेंटीमीटर आहेत की, असं मीच म्हणाले. मिस्टर गाडी चालवत होते, मी आत उभी राहून हात दाखवत होते, पुढचा भाग बिनघोर आत आला, आणि अर्धी गाडी आत आल्यावर कर्र असा आवाज झाला. पॅनेलची फ्रेम वाकली, एक ब्रॅकेट छताचा पत्रा घेऊन उचकटला आणि पुढच्या पावसात गादीपर्यंत पाणी आलं.

असं का झालं ते समजायला मला दोन संध्याकाळी कागदावर रेघोट्या माराव्या लागल्या. पुढची चाकं आत सपाटीवर आलीत, मागची अजून उतारावर उंच आहेत, आणि जमीन मधे, बरोब्बर दाराखाली, वाकलीय. गाडी मात्र वाकत नाही, ती दोन चाकांवर पूल टाकल्यासारखी सरळ राहते, त्यामुळे तिचा मधला भाग त्या जागी जमिनीपासून जास्त उंच जातो. किती उंच, त्याचा हिशोब अगदी सोपा आहे, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गुणिले उतार भागिले चार. व्हीलबेस ३ मीटर आणि उतार १० टक्के असेल तर साडेसात सेंटीमीटर. आमचे २.०६ मीटर दाराखाली जवळजवळ २.१४ झाले होते. पॅनेल नसताना १.९९ चे २.०७ होत होते म्हणून आधी गाडी गेली, आणि तीच आमची फसगत. सहा मीटरच्या मोठ्या व्हॅनचा व्हीलबेस ४ मीटरच्या आसपास असतो, तिथे याच उतारावर १० सेंटीमीटर जातात.

उतार उलटा असेल, म्हणजे गॅरेज उंचावर आणि रॅम्प चढून जायचं, तर दाराखाली छत उलट खाली येतं आणि त्रास गाडीच्या पोटाला होतो, कड्यावर मधला भाग टेकतो आणि सांडपाण्याची टाकी नेमकी तिथे खाली असू शकते. शिवाय नाक वर असतं त्यामुळे आत छताला लावलेली दाराची मोटर किंवा तिचा रूळ पहायचा.

आणि गाडीची उंची रोज सारखी नसते हो. प्रवासाहून आल्यावर सामान उतरवलं, पाण्याची टाकी सोडली (८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो) की स्प्रिंग मोकळ्या होतात आणि गाडी वर येते, त्यामुळे सामान भरलेली गाडी सकाळी बाहेर निघाली म्हणून रिकामी झाल्यावर परत आत जाईलच असं नाही. मोजायची तर रिकामी मोजा, सपाट जागेवर, छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर सरळ फळी आडवी धरून, फळीवर पाणसळ ठेवून मग फळीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. उंच वस्तू कधी पंखा असतो, कधी अँटेना, छताचा पत्रा क्वचितच. चाकातली हवा कमी करून आत घालायचा सल्ला आम्हालाही मिळाला होता, रोजच्या ये-जा करण्याला तो उपाय नाही, टायरची वाट लागते.

रुंदीचं तर विचारूच नका. फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाच्या टी-६ मॉडेलची रुंदी कागदावर १.९० मीटर आहे, आरसे धरले की २.३०. फियाट डुकॅटोवर बांधलेल्या व्हॅन २.०५ लिहितात, तीसुद्धा आरसे सोडून, आणि त्यांच्यात जी नेहमी दिसते ती २.५२ मीटर उंच असते, म्हणजे सात फुटी दाराचा विचारच सोडा. लांबी ५.९९ लिहिलेली असते पण मागे सायकलचा रॅक लावला की तीही गेली. आणि नुसती गाडी आत गेली म्हणजे झालं का? सरकतं दार कुठल्या बाजूला येतं त्यावर गाडी तोंडाने घालायची की रिव्हर्समध्ये हे ठरतं, ती बाजू भिंतीला लागली तर गाडी उभी आहे आणि आत शिरता येत नाही अशी गत.

कंत्राटदार म्हणाला लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, पंधरा सेंटीमीटर कापू. मी इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू दिला नाही आणि बरं झालं, वरच्या भिंतीचा सगळा भार त्या लिंटेलवर होता. खरा उपाय म्हणजे उतार दाराच्या आधीच संपवायचा, दारापुढे निदान एका व्हीलबेसइतकी सपाट जागा करायची, मग तो पूल उघड्या आकाशाखाली होतो. आमच्याकडे तेवढी लांबी नव्हती, रॅम्प फारच उभा झाला असता.

शेवटी वर सपाट जागेवर कारपोर्ट, म्हणजे खांबांवरचं उघडं छप्पर, उभारला आणि आता वाटतं आधीच करायला हवा होता. आमच्या गाडीचं छत वर उघडतं, साधारण मीटरभर, आणि पावसात भिजलेलं त्याचं कापड बंद ठेवलं तर बुरशी धरते, गॅरेजमध्ये ते उघडताच आलं नसतं. म्हणून कारपोर्टची खालची कडही ३.२ मीटर ठेवली. उंच केला की बाजूने पाऊस येतो, खांब जास्त हलतात, आणि वारा छपराला खालून उचलतो, म्हणून तिरके आधार दिले आणि खांबाखाली काँक्रीटचे जड पाये घेतले. कोणी करत असेल तर पायावर पैसे वाचवू नका अशी कळकळीची विनंती.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. आमचं गॅरेज म्हणजे उतार संपल्यावरचा खड्डाच होता, सिलिंडर जरा जरी गळला असता तर गॅस तिथेच साचून राहिला असता आणि त्याच खोलीत पाणी तापवायचा गॅसचा बंब, त्याची ज्योत सतत चालू. बंद गॅरेजमध्ये गाडीचं इंजिन किंवा हीटर चालू ठेवणं तर जीवावरच बेतेल, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्या लेखात यातला एक शब्दही नव्हता.

म्हणून संपादक, माझं मागणं एवढंच आहे की पुढच्या वेळी अशा गाडीबद्दल छापाल तेव्हा शेजारी एक छोटी चौकट द्या, छतावरच्या वस्तू धरून उंची, आरसे उघडे धरून रुंदी, रॅक धरून लांबी, आणि व्हीलबेस. व्हीलबेस नक्की द्या, उताराचा हिशोब त्याच्याशिवाय करता येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक