गॅस आला म्हणून धूर गेला, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील स्वयंपाकघरातील हवेविषयीचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. परंतु सारा धोका लाकडाच्या आणि कोळशाच्या धुरावर ढकलून गॅस वापरणाऱ्यांनी निश्चिंत राहावे, हा त्यातील निष्कर्ष निखालस चुकीचा आहे. तेल धूर येईपर्यंत तापले की त्यातून अतिसूक्ष्म कण, डोळ्यांना नि घशाला झोंबणारे अ‍ॅक्रोलीन आणि इतर घातक संयुगे बाहेर पडतात, मग कढईखाली जाळ कशाचाही असो. उच्च तापमानावर तळताना निघणारा हा धूर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० सालीच ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवला आहे. घरात जळणाऱ्या लाकडाचा धूरही तिने त्याच गटात ठेवला आहे. शिवाय गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि त्याने दमा बळावतो, तो वेगळाच.

हे मी पोटतिडकीने लिहीत आहे, कारण माझ्या आईने आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही. तिला दम लागू लागला तेव्हा डॉक्टरांनी धूम्रपानाबद्दल विचारले आणि ‘नाही’ हे उत्तर मिळताच वयावर बोट ठेवून तिला परत पाठवले. ती दिवसातले किती तास शेगडीपुढे उभी असते, तिथे खिडकी आहे की नाही, हे विचारावेसे त्यांना वाटलेच नाही. पुढे दुसरीकडे फुप्फुसांची क्षमता तपासली, तेव्हा श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्याचे कळले. हे एकट्या स्वयंपाकघराने केले, असा माझा दावा नाही. पण तो प्रश्न वेळेवर विचारला गेला असता तर तपासणी लवकर झाली असती, याचे दुःख मला आजही आहे.

आणखी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. लेखाशेजारीच, बाहेर नळी न काढता बसवता येणाऱ्या चिमणीची जाहिरात होती. अशी चिमणी तेलकटपणा अडवते, वासही कमी करते. पण हवा गाळून पुन्हा त्याच खोलीत सोडते, त्यामुळे ज्योतीतून निघालेले वायू बव्हंशी घरातच राहतात. वाचकांना हे सांगण्याची जबाबदारी वृत्तपत्राचीही आहे.

तरी लेखाची दुरुस्ती कृपया त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी आणि हवा थेट बाहेर फेकणारा पंखा शेगडी पेटवण्यापूर्वी सुरू करून स्वयंपाक आटोपल्यावरही काही वेळ चालू ठेवावा, हे त्यात स्पष्ट लिहावे.

आपली एक नियमित वाचक