स्लॅपडॅश म्हणजे हलगर्जीपणा नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इंग्रजीतल्या ‘स्लॅपडॅश’ला मराठी बातम्यांत आणि भाषांतरांत सर्रास ‘हलगर्जीपणा’ किंवा ‘निष्काळजीपणा’ हा प्रतिशब्द दिला जातो. तो चुकीचा आहे. हलगर्जीपणात वेग नसतो. गटाराचे झाकण पंधरा दिवस उघडे राहिले तर ती हलगर्जी. तेच झाकण पाहणीच्या आदल्या रात्री बसवले, कड जुळवली नाही आणि भोवतीचा मसाला ओला असतानाच वाहतूक सोडली, तर ते काम स्लॅपडॅश. पहिल्यात हात हललाच नाही, दुसऱ्यात नको तितका भराभर हलला.

या शब्दाचे दोन्ही तुकडे मुळात फटक्याचे आहेत. ‘स्लॅप’ म्हणजे उघड्या तळव्याची चापट, आवाजावरून पडलेला शब्द. ‘डॅश’ म्हणजे जोराने आपटणे, भिरकावणे. इंग्रज नाटककार जॉन ड्रायडनच्या १६७०च्या दशकातल्या ‘द काइंड कीपर’ या नाटकात एक पात्र म्हणते, की नोट्स मी स्लॅपडॅश उतरवून काढल्या. तिथे ते क्रियाविशेषण आहे, आणि त्यात ‘धडाधड, एका दमात’ हाच अर्थ पुढे दिसतो. विशेषण म्हणून शब्द रुळायला आणखी शंभरावर वर्षे गेली.

इंग्लंडात भिंतीच्या खडबडीत गिलाव्यालाही हे नाव मिळाले, त्यामुळे शब्द गवंडीकामातून निघाला असे वाटू शकते. पण क्रम उलटा आहे: नाटकातला वापर आधीचा, गिलाव्याचा नंतरचा. आणि या गिलाव्यात बेफिकिरी मुळीच चालत नाही. आधी भिंत झाडून ओली करायची, नाहीतर कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि थर भुसभुशीत होतो. मग साधारण १२ मिलिमीटरचा पहिला थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते. तो घट्ट झाला की वाळू, चुना आणि बारीक खडी यांचा पातळसर मसाला मनगटाच्या झटक्याने भिंतीवर फेकायचा. फेकणे हे इथे कौशल्य आहे. जोराने आपटलेल्या मसाल्यामागची हवा निघून जाते आणि तो भिंतीला घट्ट बसतो. झटका कमी पडला तर पोकळी राहते, बोटाने ठोकले की पोकळ आवाज येतो, आणि काही पावसाळ्यांत तिथला पोपडा सुटतो. वरचा थर सिमेंट वाढवून खालच्यापेक्षा कडक केला तर तो आकसून तडकतो, तड्यांतून पाणी आत शिरते आणि त्याला बाहेर यायला वाट उरत नाही.

मराठीत या अर्थाचा नेमका शब्द आहेच: घिसाडघाई. त्याचे घिसाडी या शब्दाशी, म्हणजे फिरत्या लोहारांच्या नावाशी, असलेले नाते उघड दिसते. लोहारकामातली घाई ही गरज आहे. लोखंड पिवळसर-नारिंगी असेपर्यंतच घण ऐकते. काळपट लाल झाल्यावर ठोकले तर कडेला चिरा पडतात. बैलगाडीच्या चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवताना तर हे फारच नजरेला येते. १.२ मीटर व्यासाच्या चाकाची धाव परिघात थोडी कमीच ठेवतात. ती लालभडक तापली की तीन-चार सेंटिमीटरने वाढते. तेवढ्या क्षणात ती चाकावर उतरवून, घणाने बसवून पाणी ओतावे लागते, नाहीतर चाकाचे लाकूड जळते. ही घाई आधी केलेल्या मापावर उभी असते. भाषेने माप सोडले आणि घाई तेवढी उचलली. घिसाड्यांवर तो अन्यायच झाला, पण शब्द आता सर्वांच्या तोंडी बसला आहे.

शेजारचे शब्दही वेगळे ठेवावेत. ‘स्लिपशॉड’ म्हणजे मुळात पायात सैल सपाता घातलेला; सोळाव्या शतकातला हा शब्द पुढे अव्यवस्थित कामासाठी वापरला जाऊ लागला. त्याला ‘ढिसाळ’ किंवा ‘गबाळे’ चांगले बसते. ‘पाट्या टाकणे’ यात मन नसते, पण घाई असेलच असे नाही. ‘थातुरमातुर’ काम वेळ मारून नेण्यासाठी असते, ते सावकाशही करता येते.

‘घिसाडघाई’ हे नाम असल्याने विशेषणाच्या जागी ते अवघडते, ही भाषांतरकारांची अडचण खरी आहे. तिथे ‘घिसाडघाईने उरकलेले’ असे लिहावे. एक शब्द जास्त लागेल, पण वेग आणि दोष दोन्ही वाक्यात येतील. ‘घिसाडघाईने उरकलेला अहवाल’ आणि ‘हलगर्जीपणाचा अहवाल’ यांत चौकशी करणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी शोधाव्या लागतात: पहिल्यात मुदत कोणी आणि किती दिली, दुसऱ्यात जबाबदार माणूस होता कुठे.

आपला,
एक वाचक